‘काही आढळले नाही’ म्हणजे काय?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

उन्हाळा सुरू झाला की आपण माठ घ्यायला जातो. एखादा माठ पसंत पडला की तो उचलून त्याच्यावर टिचकी मारतो. खणखणीत आवाज आला तर पैसे काढतो, बद्द आवाज आला तर माठ खाली ठेवतो. बारीक तडा डोळ्यांना दिसत नाही, पण कानाला कळतो. पूर्वी गाडी स्टेशनात थांबली की लांब दांड्याचा हातोडा घेऊन एक माणूस चाकांवर ठोके मारत जायचा, तोही याच विद्येच्या बळावर. आज मी बोलणार आहे तेही या टिचकीबद्दलच. फक्त ती माठाऐवजी पोलादी नळीवर मारायची आहे, नळीला हात न लावता मारायची आहे आणि तिचा आवाज माणसाच्या कानाला ऐकू येत नाही. ऐकू न येणाऱ्या आवाजाविषयी रेडिओवर बोलायचं म्हणजे जरा गंमतच आहे. पण तुमच्या रेडिओचाच पुढे एके ठिकाणी उपयोग होणार आहे, म्हणून हे धाडस.

सेकंदाला वीस हजारांपेक्षा जास्त कंपनं असलेला आवाज आपल्याला ऐकू येत नाही. त्याला श्राव्यातीत ध्वनी किंवा अल्ट्रासाउंड म्हणतात. नळीची जाडी मोजायला साधारणपणे सेकंदाला पन्नास लाख कंपनांचा ध्वनी वापरतात. पोलादात तो सेकंदाला सुमारे ५९०० मीटर वेगाने जातो. नळीच्या बाहेरून तो आत सोडला की आतल्या पृष्ठभागावर आपटून परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला ते मोजलं की जाडी समजते. नळी दहा मिलिमीटर जाड असेल तर प्रतिध्वनी ३.४ मायक्रोसेकंदांत परत येतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. नळी आतून झिजून दीड मिलिमीटर उरली असेल, तर तोच प्रतिध्वनी अर्ध्या मायक्रोसेकंदात येतो. हे मोजणारी उपकरणं हातात मावतात आणि कोणत्याही मोठ्या कारखान्यात सापडतात.

मग अडचण कुठे आहे? सोनोग्राफीच्या टेबलावर पोटाला जी थंडगार जेली लावतात ती आठवा. ती कशासाठी असते? ध्वनीला हवेतून घट्ट पदार्थात शिरायला फार जड जातं. हवा अतिशय विरळ, पोलाद अतिशय कडक आणि जड. ध्वनीची लाट हवेतून पोलादावर येते तेव्हा तिच्या ऊर्जेच्या एक लाख भागांपैकी जेमतेम तीन-चार भाग आत शिरतात, बाकीचे तिथूनच मागे फिरतात. आत गेलेल्या त्या चिमूटभर लाटेला परत बाहेर यायचं तर पुन्हा तेवढाच जकात-नाका. दोन्ही मिळून शंभर कोटींतला एखादा भाग हाती लागतो. उपकरण आणि नळी यांच्यामध्ये केसाएवढी जरी हवेची फट राहिली तरी खेळ संपला. म्हणून मध्ये जेली, तेल, ग्रीस किंवा पाणी घालावं लागतं.

आता ही जेली लावायची म्हणजे काय काय करावं लागतं ते पाहा. नळीवर उष्णतारोधक वेष्टण असेल तर ते काढायचं, रंगाचे पोपडे आणि गंज खरवडायचे, परात बांधायची आणि खडूने चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एकेक मोजणी घ्यायची. नळी गरम असेल तर जेली वाळते, उकळते, म्हणून बहुधा यंत्रणा बंद करून निवण्याची वाट पाहायची. एका वीजकेंद्रात अशा मोजायच्या जागा हजारोंनी असतात. साहजिकच यादी करावी लागते. या जागा यंदा, त्या पुढच्या खेपेला. आणि जिथे यादी आली तिथे यादीत नसलेली जागाही आलीच.

जपानमधल्या मिहामा अणुवीजकेंद्रात ९ ऑगस्ट २००४ रोजी तेच झालं. तिसऱ्या क्रमांकाच्या संचात टर्बाइनच्या इमारतीमध्ये ५६ सेंटिमीटर व्यासाची एक नळी फुटली. नळीत किरणोत्सारी काही नव्हतं, साधं पाणी होतं, पण ते सुमारे १४० अंश तापमानाचं आणि दाबाखालचं. दाब सुटताच त्याची वाफ झाली. त्या इमारतीत नियमित तपासणीची पूर्वतयारी करायला आलेले कामगार होते. त्यांतले पाच जण भाजून मृत्युमुखी पडले. नळीची मूळ जाडी दहा मिलिमीटर होती. सुरक्षिततेसाठी ती किमान ४.७ मिलिमीटर असायला हवी होती. फुटली तिथे दीड मिलिमीटरसुद्धा उरली नव्हती. प्रवाह मोजण्यासाठी नळीत बसवलेल्या भोकाच्या चकतीमुळे पुढच्या भागात पाण्याला भोवरे येत होते आणि ते पोलाद वर्षानुवर्षं चाटून नेत होते. संच सुरू झाला १९७६ मध्ये. त्यानंतरच्या अठ्ठावीस वर्षांत त्या जागेची जाडी एकदाही मोजली गेली नव्हती, कारण ती जागा तपासणीच्या यादीतून सुटली होती.

नळीला न चिकटता, जेली न लावता, शक्यतो यंत्रणा बंद न करता तपासणी करण्याची धडपड आहे ती यासाठी. मोजणी सोपी झाली तर ती जास्त जागी होईल आणि यादी कमी कंजूष होईल.

न स्पर्शता आवाज काढायचे दोन मार्ग चांगले रुळले आहेत. पहिला समजून घ्यायला तुमच्या रेडिओतला लाउडस्पीकर डोळ्यांसमोर आणा. त्यात एक लोहचुंबक असतो, त्याच्याजवळ तारेचं वेटोळं असतं आणि वेटोळ्याला कागदी पडदा चिकटवलेला असतो. वेटोळ्यातून बदलता विद्युतप्रवाह गेला की चुंबक त्याला मागे-पुढे ढकलतो, पडदा हलतो आणि माझा आवाज तुमच्या घरात येतो. आता कल्पना करा की चुंबक आणि वेटोळं नळीजवळ धरलं आहे आणि पडदा नाहीच. वेटोळ्यातल्या प्रवाहामुळे नळीच्या पृष्ठभागात, मिलिमीटरच्या काही शतांश खोलीपर्यंत, भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात. चुंबक त्या प्रवाहांना ढकलतो आणि त्यांच्याबरोबर पोलादालाच धक्का बसतो. म्हणजे नळी हीच स्पीकरचा पडदा झाली! ध्वनी बाहेरून आत न्यायचा प्रश्नच उरला नाही, तो नळीच्या कातडीतच जन्मला. परत येणारी लाट याच रीतीने उलट वेटोळ्यात प्रवाह निर्माण करते, तेव्हा तेच उपकरण मायक्रोफोन होतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून तंत्रज्ञ याला ‘ईमॅट’ म्हणतात.

दुसरा मार्ग लेसरचा. लेसरचा काही अब्जांश सेकंदांचा झोत नळीवर टाकला की तेवढाच ठिपका एकदम तापतो, फुगतो आणि त्या धक्क्याने आत लाट निघते. आर. एम. व्हाइट यांनी १९६३ मध्ये हे तत्त्व दाखवून दिलं. दुसऱ्या लेसरने पृष्ठभागाची सूक्ष्म थरथर वाचायची. कॅनडातल्या संशोधकांनी अमेरिकेच्या टिमकेन कंपनीच्या कारखान्यात, सुमारे हजार अंश तापमानाच्या लालभडक नळ्यांची जाडी लाटण-यंत्रातून बाहेर पडता पडता अशा पद्धतीने मोजून दाखवली. लेसर दूर उभा राहू शकतो, ईमॅटला मात्र नळीपासून दोन-चार मिलिमीटरच्या आत राहावं लागतं. त्यामुळे वेष्टण काढण्याची कटकट ईमॅटनेही चुकत नाही. ‘स्पर्शविरहित’ या शब्दाने फार हुरळून जाऊ नये, हे आधीच सांगून ठेवतो.

ईमॅटचा खरा मान आहे तो वायुवाहिन्यांमध्ये. अमेरिकेत लुइझियाना राज्यातल्या नॅकटिश गावाजवळ ४ मार्च १९६५ रोजी एका वायुवाहिनीचा स्फोट होऊन सतरा माणसं मेली. तिथे नळी झिजलेली नव्हती. ताण आणि गंज यांच्या संयुक्त माऱ्याने तिच्या बाहेरच्या अंगाला, लांबीच्या दिशेने, केसासारख्या भेगा पडल्या होत्या. जमिनीखालच्या शेकडो किलोमीटर नळीवर अशा भेगा बाहेरून शोधणार कशा? नळीच्या आतून, वायूच्या दाबाने ढकललं जाणारं एक यंत्र सोडतात. त्याला ‘पिग’, म्हणजे चक्क डुक्कर म्हणतात. तेलाच्या नळीत तेल हीच जेली, त्यामुळे नेहमीचा अल्ट्रासाउंड चालतो. वायूच्या नळीत तो चालत नाही, कारण मघाशी सांगितलेला जकात-नाका. म्हणून या शतकाच्या पहिल्या दशकात ईमॅट बसवलेली डुकरं वायुवाहिन्यांतून फिरू लागली.

आपल्याला हा विषय परका नाही. मुंबई हायचा वायू समुद्राखालच्या वाहिनीतून उरणला येतो, तिथून तो किती घरांच्या आणि कारखान्यांच्या चुलीपर्यंत जातो याचा आपण विचारही करत नाही. जाता जाता एक सांगतो, शहरातल्या गल्लीबोळांत गॅससाठी ज्या प्लॅस्टिकच्या नळ्या टाकतात त्यांच्यावर ईमॅट चालत नाही. प्लॅस्टिकमधून वीज वाहत नाही, मग चुंबक ढकलणार कशाला?

इथपर्यंत सगळं सोपं वाटलं असेल. आवाज सोडला, परत आला, वेळ मोजली. पण ईमॅटचा आवाज अतिशय क्षीण असतो. उपकरण एक-दोन मिलिमीटर दूर गेलं तरी त्याचं बळ झपाट्याने घटतं. आणि नळी म्हणजे मोकळं मैदान नव्हे. तिच्या भिंतीत अडकलेली लाट वर-खाली आपटत, नळीला वळसे घालत पुढे जाते, आणि एका ठोक्यातून अनेक प्रकारच्या लाटा निघतात. काही नळीला लांबीत ताणतात, काही वाकवतात, काही पिळतात. प्रत्येकीचा वेग निराळा. इतकंच काय, एकाच प्रकारच्या लाटेतसुद्धा जलद कंपनांचा वेग वेगळा आणि संथ कंपनांचा वेगळा. सायकलच्या शर्यतीत सगळे एका शिट्टीला निघतात, पण पाच किलोमीटरवर उभं राहून पाहिलं तर घोळका पार पांगलेला असतो. तसा नळीत मारलेला एक स्वच्छ ठोका दहा मीटरवर लांबलचक गुरगुर होऊन पोहोचतो. त्या गुरगुरीतून भेग कशी ओळखायची? त्यासाठी निर्दोष नळीत काय ऐकू यायला हवं हे आधीच माहीत पाहिजे. ते माहीत करून घेण्याचं गणित म्हणजे मॉडेल, गणिती प्रारूप.

हे गणित जुनं आहे. पृष्ठभागावरून जाणाऱ्या लाटेचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८८५ मध्ये मांडलं, पत्र्यातल्या लाटांचं होरेस लँब यांनी १९१७ मध्ये. पोकळ नळीतल्या सर्व प्रकारच्या लाटांची संपूर्ण समीकरणं १९५९ मध्ये डेनोस गॅझिस यांनी सोडवली. हे गॅझिस त्या वेळी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत होते आणि सिग्नलचा पिवळा दिवा किती वेळ लागलेला असावा, याचं पहिलंवहिलं गणितही त्यांनीच सहकाऱ्यांबरोबर केलं. चौकात पिवळा दिवा पाहून वेग वाढवणाऱ्यांनी त्यांची आठवण ठेवायला हरकत नाही. त्या समीकरणांना व्यवहारात आणण्याचं मोठं काम १९९० च्या दशकात लंडनच्या इंपीरियल कॉलेजमध्ये पीटर कॉली, माइक लो आणि डेव्हिड अॅलेन यांच्या गटाने केलं. गणिताने दाखवलेली एक लाट फार गुणी निघाली. धुतलेलं धोतर पिळावं तशी ती नळीला पिळत जाते. जलद-संथ सगळी कंपनं तिच्यात एकाच वेगाने, सेकंदाला सुमारे ३२०० मीटरने जातात, त्यामुळे तिचा घोळका पांगत नाही. आणि नळीतलं पाणी तिला फारसं खात नाही, कारण पाण्याला पीळ देता येत नाही. अशी संथ कंपनांची लाट एका जागेवरून दोन्ही दिशांना कित्येक मीटर नळी चाचपून येते. कॉली यांच्या गटाने ती निर्माण करायला नळीभोवती कोरडं दाबून बसणारं कडं वापरलं. चुंबकीय पद्धतीनेही ती निर्माण करता येते.

निर्दोष नळीपुरतं समीकरण पुरतं. पण दोष समीकरणात बसत नाहीत. गंजाचा खड्डा वेडावाकडा असतो. तिथे संगणकावर नळीचे बारीक बारीक ठोकळे करावे लागतात आणि प्रत्येक ठोकळ्याने शेजाऱ्याला किती ढकललं याचा हिशोब क्षणाक्षणाला मांडावा लागतो. हा हिशोब केवढा मोठा होतो पाहा. सेकंदाला तीस लाख कंपनांची आडवी लाट पोलादात साधारण एक मिलिमीटर लांबीची असते. ती नीट उमटायला तिच्या लांबीत निदान दहा ठोकळे हवेत. म्हणजे एका घन सेंटिमीटरमध्ये दहा लाख ठोकळे. मिहामाच्या त्या नळीचा एक मीटर तुकडा घेतला तर सतराशे कोटींच्या वर ठोकळे. लाट तो मीटर ओलांडेपर्यंत त्या सगळ्यांचा हिशोब सुमारे अठरा हजार वेळा करायचा. नुसत्या आकड्यांच्या जोरावर हे करणाऱ्याला वीजबिल भरावं लागेल ते वेगळंच! म्हणून युक्त्या काढतात. नळीचा छेद लांबीभर सारखा असतो, तेव्हा फक्त एका छेदाचे ठोकळे करतात आणि लांबीचा प्रवास सूत्राने करवतात. बारीक ठोकळे फक्त खड्ड्याच्या आसपास ठेवतात. किंवा कंपनं कमी करतात. सेकंदाला पन्नास हजार कंपनं घेतली तर पिळाची लाट सहा सेंटिमीटरहून लांब होते, मग ठोकळेही मोठे चालतात. मात्र तेवढ्या लांब लाटेला बारीक भेग दिसेलच याची खात्री राहत नाही.

आता या विद्येचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा उपयोग सांगतो. संगणकावर लाटांची रंगीबेरंगी चित्रं फार मोहक दिसतात. परिषदांमध्ये लोक ती कौतुकाने दाखवतात आणि आपणही माना डोलावतो. पण कारखान्याच्या व्यवस्थापकासमोर असतो एक कागद, आणि त्यावर एकच ओळ असते : ‘काही आढळले नाही’. या ओळीचे दोन अर्थ होतात. एक, नळीत दोष नाही. दुसरा, दोष आहे, पण ही लाट त्याला पाहू शकत नाही. दोन्ही वेळा यंत्राच्या पडद्यावरची रेघ सारखीच सपाट असते. त्यातला कोणता अर्थ घ्यायचा हे मॉडेलशिवाय सांगता येत नाही.

उदाहरण घ्या. नळीच्या लांबीने जाणारी पिळाची लाट एखाद्या आडव्या, गोलाकार भेगेवर छान परतते. पण भेग लांबीच्याच दिशेने असेल, तर लाट तिच्या दोन्ही बाजूंनी जवळजवळ तशीच निघून जाते. नॅकटिशच्या भेगा अशाच लांबीच्या दिशेच्या होत्या. म्हणून वायुवाहिनीतलं ईमॅट-डुक्कर लाट लांबीने न सोडता नळीला वळसा घालणारी सोडतं. दुसरं उदाहरण मिहामाच्या जातीचं. बंदराच्या उभ्या धक्क्यावर लाट आपटली की परत फिरते, पण वाळूच्या लांब उतारावर ती हळूहळू विरून जाते. नळीतही एकदम पडलेला खड्डा जोरात प्रतिध्वनी देतो, पण पाण्याने हातभर लांबीत हळूहळू चाटून पातळ केलेली भिंत फारच क्षीण प्रतिध्वनी देते. म्हणजे नळी जिथे सर्वांत दगा देणारी, तिथेच ही लाट गप्प! हे मॉडेलने आधी सांगितलं तर तपासणारा दुसरी लाट निवडू शकतो. काही लाटा अशा आहेत की भिंत ठरावीक जाडीपेक्षा पातळ झाली की त्यांना पुढे जाताच येत नाही, त्या मागे फिरतात. काहींचा वेग जाडीवर अवलंबून असतो, त्या पलीकडे किती उशिरा किंवा लवकर पोहोचल्या यावरून जाडी काढता येते. शर्यतीतला घोळका पांगणं ही मघाशी अडचण होती, इथे तिचाच उपयोग होतो.

मॉडेलवर किती विश्वास ठेवायचा? पोलादातल्या ध्वनीचा भाग भरवशाचा आहे, कारण पोलादाचा कडकपणा नळी-नळीत फारसा बदलत नाही. चुंबकाचा भाग तितका भरवशाचा नाही. पोलादाचे चुंबकीय गुण त्याच्या जातीप्रमाणे, तापमानाप्रमाणे, आतल्या ताणाप्रमाणे बदलतात. गरम नळीवर धरलेली काळी खपली तर कधी कधी ईमॅटचा आवाज उलट वाढवते. त्यामुळे लाट कुठे जाईल हे मॉडेल चांगलं सांगतं, ती किती जोरात निघेल हे तितकंसं चांगलं नाही. शिवाय संगणकातली नळी गुळगुळीत आणि सरळ असते. खऱ्या नळीला जोड असतात, आधार असतात, कुणी तरी वीस वर्षांपूर्वी मारलेलं ठिगळ असतं, आणि ते नकाशात नसतं.

म्हणून मॉडेलची परीक्षा प्रत्यक्ष नळीवर घेतात. एक चांगली नळी घ्यायची आणि तिच्यात मुद्दाम, मोजून-मापून खाच पाडायची. एक मिलिमीटर खोल, मग दोन, मग तीन. दर वेळी मॉडेलने आधी सांगितलेला प्रतिध्वनी आणि खरा प्रतिध्वनी शेजारी शेजारी ठेवायचे. चेन्नईच्या आयआयटीत विनाविध्वंस तपासणीचं स्वतंत्र केंद्र आहे, कल्पाक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातही या विषयावर बरीच वर्षं काम होत आलं आहे. अशा प्रयोगांतून शेवटी एक आलेख हाती येतो : इतकी खोल खाच शंभरातून किती वेळा सापडते. तो आलेख जोडलेला असेल तर ‘काही आढळले नाही’ या ओळीला अर्थ येतो, कारण मग तिच्या पुढे ‘अमुक मिलिमीटरपेक्षा मोठे’ असे शब्द लिहिता येतात. आपल्या कारखान्याच्या अहवालात ते शब्द आहेत का, हे विचारायला अभियंता असावं लागत नाही. त्या नळीशेजारी रोज पाळी करणाऱ्या फिटरनेही ते विचारावं.

मिहामाच्या अपघातानंतर जपानमध्ये नळ्यांच्या जाडीच्या तपासणीचे नियम नव्याने लिहिले गेले. फुटलेला भाग बदलून तो तिसरा संच २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. फुकुशिमाच्या दुर्घटनेनंतर इतरांबरोबर तोही बंद राहिला, आणि जून २०२१ मध्ये, वयाची चाळीस वर्षं उलटल्यावर, तो परत चालू करण्यात आला.